तीन खाचा

डेटनच्या पूर्वेला, जिथले कारखाने गेले
आणि त्यांची कुंपणं तेवढी उरली,
तिथल्या एका बुटक्या विटांच्या घरात
व्हर्ना होल्टग्रीवचा ओव्हन भिंतीत बसलाय.
माझ्याहून एकवीस वर्षांनी मोठा.
फिका फिरोजी, मुठीपाशी मुलामा टवकलेला,
घड्याळ सव्वाचारला थांबलेलं.

"खालची कॉइल तापत नाही," म्हणाली,
"आणि नवा घ्या असं सांगायला आली असशील
तर कॉफी पी आणि जा."

मी तळघरात उतरून ब्रेकर पाडला,
वर येऊन मल्टिमीटरनं पुन्हा तपासलं.
दोनशे चाळीस व्होल्टच्या बाबतीत
मी स्वतःच्या शब्दावरही विसंबत नाही.
चार स्क्रू काढले, ओव्हन वीतभर पुढे ओढला.
मागून वास आला जुन्या पिठाचा, तापून तापून
विटलेल्या धुळीचा.
मास्क चढवला, तारांचं पांढरं वेष्टण ओलं केलं.
त्या काळी आग अडवायला जे वापरत
ते फुप्फुसात घर करतं.

कॉइल शाबूत. बावीस ओहम, ठणठणीत.
जळलं होतं ते तिचं टोक, कोळशासारखं.
आणि आतल्या पत्र्यावर पेन्सिलीनं:
डेल. मार्च ६८. वायर बदलली.
अक्षर घाईचं.

तांबं लख्ख दिसेतो मी तार मागं कापत गेले,
निकेलचं नवं टोक दाबून बसवलं,
ब्रेकर चढवला.
आधी काहीच नाही. मग काळ्यात तांबूस.
मग डाळिंबी.

इथं थांबायला हवं होतं.
वडील इचलकरंजीत मोटारी भरायचे, ते म्हणत,
सांगितलं तेवढंच काम कर.
पण मी आत थर्मामीटर ठेवला:
बटण तीनशे वीसवर, आत तीनशे पन्नास.
हात शिवशिवले.
बटणाच्या पाठीला चकती असते, चकतीला खाचा,
एक खाच म्हणजे दहा अंश.
न विचारता तीन खाचा मागं घेतल्या.
त्याचे पैसेही लावले नाहीत.

शुक्रवारी फोन आला.
"माझ्या ओव्हनला काय केलंस तू?"

टेबलावर ॲपल पाय, पांढराफटक,
मध्ये कच्चं, ओलं, बोट उमटेल असं.
ती ओरडली नाही. पत्र्याचा डबा उघडला,
कार्डं मांडत गेली, लोण्यानं पारदर्शक झालेली.
प्रत्येकावर ३५० खोडून ३२०,
३७५ खोडून ३४५.
शंभरेक कार्डं, एकच निळी शाई,
एकाच बैठकीत लिहिल्यासारखी.

"त्यानं बटण खोललं, वायर जोडली,
बटण कसंतरी जुळवलं. मॅच सुरू व्हायची होती.
त्या रविवारी माझे दोन केक जळाले.
म्हणाला, पुढच्या शनिवारी बघतो."

तिनं कार्डं परत डब्यात लावली,
केक वेगळे, ब्रेड वेगळे.
पुढचा शनिवार आला का, मी विचारलं नाही.

बटण काढलं. चकती फिरवली.
एक. दोन. तिसरी जरा अडली,
गंजलेली असावी, किंवा माझाच हात.

"बिलावर काय लिहू?"
"लिही, बिघाड परत बसवला."

पत्र्यावर डेलच्या खाली मीही लिहिलं,
पुढं कुणी येईल त्याच्यासाठी:
तीस अंश पुढे आहे. राहू दे.

निघताना तिनं तो कच्चा पाय
फॉइलमध्ये बांधून माझ्या हातात दिला.
"वीस मिनिटं अजून लागतील त्याला."
"किती अंशावर?"
"तीनशे पन्नास," म्हणाली,
आणि दार लावता लावता थांबली.
"पण तुझा ओव्हन कुणी जुळवलाय?"